रजा आणि खाडा

‘रजा’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ संमती किंवा खुशी असा आहे. दरबारातून निघताना सरदार रजा घेत, म्हणजे धन्याची अनुज्ञा मागत. पुढे कचेऱ्या आल्या, गिरण्या आल्या, हजेरीपट आले, आणि कामावरील मंजूर गैरहजेरीला रजा म्हणू लागले. दुसऱ्याच्या खुशीची छटा मात्र त्या शब्दातून अजून पुरती गेलेली नाही. त्याच्याच शेजारी मराठीत आणखी एक शब्द नांदतो, तो म्हणजे ‘खाडा’. खाडा म्हणजे हजेरीपटावर पडलेली रिकामी जागा. ज्या दिवशी खाडा, त्या दिवशी मजुरी नाही. घरात मूल जन्मले, मूल तापाने फणफणले, म्हातारी आई अंथरुणाला खिळली, तर कोणाला तरी घरी राहावेच लागते. हा प्रसंग कचेरीतील कारकुनालाही चुकत नाही आणि उसाच्या फडावरील मजुरालाही चुकत नाही. एकाच्या बाबतीत तिला रजा म्हणतात, दुसऱ्याच्या बाबतीत खाडा. कामगारांच्या कौटुंबिक रजेसंबंधी गेल्या शंभर वर्षांत जे कायदे झाले, ते सारे या खाड्याची रजा करण्याचे प्रयत्न होत.

या प्रयत्नांची चर्चा निघाली की बहुतेक वेळा रजा किती आठवड्यांची, या एकाच प्रश्नाभोवती ती फिरत राहते. बारा आठवडे पुरेसे आहेत काय, सव्वीस केल्यास फार होतील काय, असा वाद चालतो. आठवडे मोजणे सोपे असते. त्या आठवड्यांचे वेतन कोणाच्या खिशातून यावयाचे, हा प्रश्न अवघड आहे. आणि रजा खरोखर पदरात पडेल की केवळ कायद्याच्या पुस्तकात राहील, हे बव्हंशी त्याच्याच उत्तरावर ठरते.

प्रश्न नवा नाही. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. कामाच्या आठ तासांबरोबरच बाळंतपणाच्या रजेचा करारही तेथे संमत झाला. बाळंतपणानंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर घेऊ नये, आधीचे सहा आठवडे दाखला दिल्यास तिला घरी राहू द्यावे, आणि या काळात तिच्या व मुलाच्या निर्वाहापुरता पैसा तिला मिळावा, असे त्या कराराने ठरविले. हा पैसा सार्वजनिक निधीतून किंवा विम्याच्या योजनेतून द्यावा, असे त्यात स्पष्ट आहे. तो मालकाने द्यावा, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. १९५२ च्या सुधारित कराराने तर एक पाऊल पुढे टाकून, हा भार कोणत्याही एका मालकावर व्यक्तिशः पडता कामा नये, असे बजावून ठेवले. सक्तीची विश्रांती दिली आणि वेतन दिले नाही, तर कायद्यानेच लादलेला तो खाडा होतो, हे परिषदेतील मंडळींनी ओळखले होते. भारताने या करारांना औपचारिक मान्यता मात्र कधी दिली नाही.

त्या परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. मुंबईच्या गिरणगावात समाजसेवेचे काम केलेला हा मनुष्य. बाळंतिणीची स्थिती त्यांना अहवालांतून वाचावी लागत नव्हती. १९२४ साली त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात बाळंतपणाच्या साहाय्याचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. मग हा प्रश्न मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात आला.

१९२८ च्या जुलै महिन्यात त्या विधेयकावर झालेल्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले भाषण आज पुन्हा वाचण्यासारखे आहे. मातेला प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्यामुळे या खर्चाचा मोठा भाग वास्तविक सरकारने उचलावयास हवा, हे त्यांनी प्रथमच मान्य केले. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मालक स्त्रियांना कामावर ठेवतो तो त्यात त्याचा अधिक लाभ असतो म्हणून. पुरुषांऐवजी स्त्रिया नेमून जो विशेष फायदा पदरात पाडून घेतो, त्याने या साहाय्याचा काही भार सोसणे न्यायाचेच आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. तत्त्वतः सरकार, व्यवहारतः निदान काही अंशी मालक, अशी ती मांडणी होती. पुढे तिच्यातील दुसरा भाग कायद्यांनी घेतला आणि पहिला बराच काळ बाजूला पडला.

१९२९ साली मुंबईचा कायदा झाला. हिंदुस्थानातील या प्रकारचा हा पहिलाच कायदा. पुढच्याच वर्षी मध्यप्रांतानेही तसा कायदा केला, म्हणजे विदर्भातील गिरणी कामगार स्त्रियांपर्यंतही ती सोय पोहोचली. पैसे द्यावयाचे होते ते मालकांनी. परिणाम काय झाला? विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती. वाइंडिंग आणि रीलिंगची खाती जवळजवळ त्यांचीच, आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या नाइकिणीही स्त्रियाच. पुढील चार दशकांत हे प्रमाण घसरत गेले. त्याचा सारा दोष बाळंतपणाच्या कायद्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. स्त्रियांना रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे, पाळ्यांची फेररचना, ही कारणे अधिक बलवत्तर होती. तरीही हिशेबनीस जेव्हा कामगारांची यादी समोर घेऊन बसतो, तेव्हा ज्या नावापुढे एक जादा खर्च लिहिलेला असतो त्या नावावर त्याची लेखणी आधी थबकते, हा मनुष्यस्वभाव आहे. कायदा स्त्रीच्या बाजूने लिहिलेला, आणि तिला नोकरी न देण्याचे एक कारणही त्याच कायद्याने पुरविलेले, असा हा पेच आहे.

यातून वाट काढणारी रचना स्वातंत्र्यानंतर लगेच आली. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्यासंबंधी जो अहवाल सादर केला, त्यातून पुढे १९४८ चा राज्य कर्मचारी विमा कायदा निघाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. कामगारवर्ग तिला ‘ईएसआय’ या नावानेच ओळखतो. तिचे दवाखाने, तेथील रांगा आणि औषधांचा तुटवडा यांविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि त्यातले बरेच खरेही आहे. परंतु बाळंतपणाच्या वेतनाची तिने केलेली व्यवस्था फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. १ जुलै २०१९ पासून मालकाने वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के वर्गणी द्यावयाची आहे. म्हणजे दरमहा २० हजार रुपये मिळविणाऱ्या कामगारामागे मालकाचे ६५० रुपये आणि कामगाराचे स्वतःचे १५० रुपये निधीत जमा होतात. तो कामगार पुरुष असो वा स्त्री, तरुण असो वा निवृत्तीला आलेला, वर्गणी तीच. विमेदार स्त्री बाळंतपणासाठी घरी राहिली की २६ आठवड्यांचे पूर्ण वेतन तिला विमा महामंडळाकडून मिळते. मालकाला त्यापायी एक रुपयाही अधिक मोजावा लागत नाही. यामुळे बाईमाणसाला कामावर घेतले म्हणून खर्च वाढला, असे म्हणावयास त्याला जागाच उरत नाही.

गंमत अशी की ही सोय वेतनाच्या एका रेषेपाशी थांबते. १ जानेवारी २०१७ पासून ती रेषा दरमहा २१ हजार रुपयांची करण्यात आली. तिच्यावरील स्त्री कर्मचारी १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याखाली आल्या, आणि तेथे पुन्हा सारा भार एकट्या मालकावर होता. मूळ कायद्यात रजा बारा आठवड्यांची होती. ती मिळण्यासाठी आधीच्या वर्षात १६० दिवस काम केलेले असावे लागे. १९८८ च्या दुरुस्तीने ते ८० दिवसांवर आणले. पुढे १ एप्रिल २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर आवश्यक ठरले. मातांच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तान्ह्या मुलाला सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, असे वैद्यक सांगते. आणि बारा आठवड्यांनी कामावर परतणाऱ्या आईला ते पाळणे कसे शक्य होणार होते?

पण हिशेब मांडून पाहावा. दहा-बारा माणसांची एखादी छोटी पेढी आहे. तेथे दरमहा २५ हजारांवर काम करणारी स्त्री २६ आठवडे रजेवर गेली, तर सुमारे दीड लाख रुपये त्या पेढीने द्यावयाचे, आणि तिच्या जागी आलेल्या बदली माणसाचा पगार वेगळा. मोठ्या बँकेला किंवा कारखान्याला हा आकडा जाणवणारही नाही. लहान मालकाला तो जाणवतो. हे केंद्र सरकारच्याही लक्षात आले होते. वाढीव रजेपैकी सात आठवड्यांचे वेतन १५ हजार रुपयांपर्यंतच्या पगारदार स्त्रियांच्या बाबतीत मालकांना परत देण्याची योजना विचाराधीन असल्याचे श्रम मंत्रालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केले होते. रजा वाढविण्याचा कायदा आधी आणि तिच्या पैशाचा विचार दीड वर्षाने, हा क्रम काही योग्य म्हणता येत नाही.

आतापर्यंतचा सारा विचार मातेपुरता झाला. पिता या कायद्यांत कोठेच नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला दोन अपत्यांपर्यंत प्रत्येक वेळी १५ दिवसांची पितृत्वरजा मिळते. स्त्री कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची प्रसूतिरजा आणि २००८ पासून एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. २०१८ पासून एकट्याने मूल वाढविणाऱ्या पुरुषालाही ती लागू झाली. सरकारी रजेचे नियम समजून घेण्यासाठीच एखादी रजा काढावी लागेल इतके ते विस्तृत आहेत, पण ते उदार आहेत यात शंका नाही. खाजगी कारखान्यातील पित्याला मात्र असा कोणताही कायदेशीर हक्क नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली लोकसभेसाठी पितृत्वलाभाचे एक खाजगी विधेयक तयार केले. ते संमत झाले नाही. तथापि त्यातील एक कल्पना मननीय होती. सर्व कर्मचारी, मग ते स्त्री असोत वा पुरुष, तसेच सर्व मालक आणि केंद्र सरकार यांच्या वर्गणीतून पालकांसाठी एक निधी उभारावा, असे त्यात सुचविले होते. पित्यालाही रजा मिळू लागली तर रजेमुळे गैरसोयीचा ठरणारा कर्मचारी म्हणजे स्त्रीच, हा समज आपोआप सैल होतो. आणि निधी सर्वांचा असला तर तो अधिकच सैल होतो.

परदेशांत दोन्ही प्रकारचे अनुभव आहेत. स्वीडनने १९७४ साली मातृत्वरजेच्या जागी माता आणि पिता या दोघांसाठी पालकविमा आणला. अमेरिकेच्या संघराज्याचा १९९३ चा कायदा बारा आठवडे रजा देतो, पण बिनपगारी. त्याच देशातील कॅलिफोर्निया राज्याने २००२ साली वेगळा मार्ग धरला. कामगारांच्या वेतनातून होणाऱ्या अल्पशा कपातीतून एक निधी चालतो, आणि तान्हे मूलच नव्हे तर गंभीर आजारी असलेले आईवडील किंवा जोडीदार यांच्या शुश्रूषेसाठीही त्यातून वेतनाचा भाग मिळतो. २००४ साली तेथे सहा आठवड्यांनी आरंभ झाला, २०२० साली आठ झाले. आजारी वडिलांच्या उशाशी बसण्यासाठी भरपगारी रजा हा विचार आपल्याकडील कामगार कायद्यांना अद्याप शिवलेला नाही. वृद्धांची सेवा हा आपल्या संस्कृतीचा गौरव मानला जातो. तिचा खाडा मात्र ज्याचा त्याने सोसावयाचा असतो.

कारखाने आणि कचेऱ्या यांच्या बाहेर पाऊल टाकले की चित्र पालटते. भारतात काम करणाऱ्या दहा स्त्रियांपैकी सुमारे नऊ असंघटित क्षेत्रात आहेत. त्यांना कायद्याच्या छत्राखाली आणण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. दिल्ली महानगरपालिकेच्या रस्त्यांवर खोदकाम करणाऱ्या रोजंदारीच्या स्त्रियांना बाळंतपणाची रजा नाकारण्यात आली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला. गरोदर स्त्रीने अवजड श्रमाच्या जागी शेवटच्या दिवसापर्यंत राबावे, अशी सक्ती करता येत नाही, हे त्या निकालाचे सार आहे. त्याआधी १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही प्रसूतिलाभाचा कायदा लागू केला होता. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांना या तरतुदीचे मोल सांगावयास नको. कामाची जागा स्वतःच्या घराचा ओटा असला, तरी रजेचा हक्क मानता येतो, हे तिने दाखवून दिले.

उरलेल्या स्त्रियांसाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. २०१७ पासून पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये, आणि पुढे दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये, अशी तिची रचना. २०२५-२६ साली महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने पाच हजार रुपये म्हणजे सोळा दिवसांची मजुरी. एकीला सव्वीस आठवडे, दुसरीला सोळा दिवस!

मालकच एक नसतो, आज एकाचे काम तर उद्या दुसऱ्याचे, मग रजेचे वेतन कोणाकडून घ्यावयाचे, अशी अडचण नेहमी सांगितली जाते. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांच्या बाबतीत ही अडचण सोडविली आहे. बाजारपेठेत हमाल रोज वेगवेगळ्या व्यापाऱ्याची पोती उचलतो. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्क्यांची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो, आणि मंडळ त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचे वेतन यांची सोय करते. मालक अनेक, पण निधी एक. हा नमुना पुरुषांच्या कामासाठी निघाला म्हणून स्त्रियांच्या कामाला तो लागू पडणार नाही, असे काही नाही.

ऊसतोडीच्या बाबतीत तशी सुरुवात झाली आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे साखर कारखान्यांनी दहा रुपये द्यावे आणि शासनाने तितकीच भर घालावी, असे २०२१ साली ठरले. निधी उभा राहावयाचा तो टनांवर. मजुरांत स्त्रिया किती, यावर नव्हे. याची निकड किती होती ते दोनच वर्षांपूर्वी बीड जिल्ह्याने दाखविले होते. गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड स्त्रियांची संख्या तेथे असाधारण असल्याची बातमी फुटली. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली, तीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. कारणे अनेक आहेत, आणि खाजगी दवाखान्यांचा त्यातील वाटा लहान नाही. परंतु मासिक पाळी असो, गरोदरपण असो वा बाळंतपण, दिवस बुडाला की मजुरी तर जातेच, वर मुकादम दंडही लावतो, ही फडावरची रीत त्या आकड्यांच्या मुळाशी आहे. येथे खाडा म्हणजे केवळ न मिळालेला पैसा नव्हे. तो उचलीच्या कर्जात भर घालतो. हंगाम चालतो पाच-सहा महिने, म्हणजे जवळजवळ तेच सव्वीस आठवडे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली. १९४८ चा विमा कायदा आणि १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा हे दोन्ही तीत सामावले गेले. असंघटित कामगारांसाठी, तसेच मोबाइलवरील ॲपमधून काम मिळविणाऱ्या घरपोच सेवेच्या कामगारांसाठी आरोग्य आणि प्रसूतिलाभाच्या योजना करण्याची तरतूद तीत आहे, आणि अशा ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी द्यावी, असेही तीत म्हटले आहे. वर्गणी उलाढालीवर, माणसांवर नाही. म्हणजे दिशा तीच. योजना मात्र सरकारने आखावयाच्या आहेत, आणि त्यांतून कोणाला किती दिवसांचे वेतन मिळेल हे त्यांच्या नियमांवर अवलंबून राहील.

ते नियम करणाऱ्यांपुढे फडावरील स्त्रीच्या बाबतीत एक अगदी साधी अडचण उभी राहील. रजेचे वेतन काढण्याची रीत अशी की रजेपूर्वीच्या तीन महिन्यांतील सरासरी रोजमजुरी पाहावयाची आणि ती रजेच्या दिवसांनी गुणावयाची. ऊसतोडीत मोजणी होते ती कोयत्याची. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, दर जोडीने तोडलेल्या टनाला मिळतो, आणि मुकादमाच्या वहीत बहुधा नाव असते ते नवऱ्याचे. बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, पण तिची स्वतःची रोजमजुरी किती, याचा आकडा त्या वहीत नसतो.